रतनआत्याची ओंजळ

"तुला नुसतं बसायचंय, आत्या. बाकी सगळं आम्ही करतो."

"मी बसत नाही."

"पण का?"

"का ते विचारू नकोस. मूर्तीवर घाला पाणी, गल्लीतल्या पोरांवर घाला, गच्ची धुऊन काढा. माझ्या हातावर नको."

"दोन मिनिटांचं काम आहे गं. पाटावर बसायचं, ओंजळ पुढे करायची..."

"चैताली." एरवी मी तिची चैतू होते. पूर्ण नाव आलं की आपण गप्प बसायचं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. "तो पाट उचल आधी."

पाट उलटा पडला होता. त्याच्याभोवतीची रांगोळी फिसकटली होती. मोगऱ्याची फुलं घातलेलं पाणी गच्चीभर पसरलं होतं आणि रिकामा तांब्या गडगडत टाकीच्या बुडाशी जाऊन थांबला होता. हे सगळं एका क्षणात झालं होतं. मी तालीम म्हणून तिला पाटावर बसवलं होतं, समोर उभी राहिले होते, तांब्या उंच धरून म्हटलं होतं, "हं, अशी ओंजळ धर, मी वरून सोडते." आत्या खाली बघत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि चटका बसावा तशी उठली. एकोणसत्तर वर्षांची बाई इतक्या वेगानं उठू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलची तेरा तारीख, साल दोन हजार दहा, मंगळवार. हडपसरच्या आमच्या घराची गच्ची. थायलंडमध्ये त्या दिवशी नवं वर्ष सुरू होतं, सोंगक्रान. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी जयंती, त्यामुळे खालच्या गल्लीत मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि निळ्या पताकांची गाठोडी आमच्याच जिन्यात ठेवली होती. दोन सण एकमेकांना असे चिकटून यायचे आणि आमच्या घरात ते गेली सतरा वर्षं एकत्रच साजरे व्हायचे.

मला आत्याचा राग आला होता. राग यायला कारण होतं. खाली, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आमच्याकडे राहणारी थाई मुलगी नोई शनिवारपासून हातात फोन घेऊन बसली होती.

पण आधी आत्याचं सांगायला हवं.

रतन रणपिसे. जन्म हडपसरजवळच्या मांजरी गावचा. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. घरातले देव नदीत सोडायला तिला पाठवलं. ती म्हणायची, "जाताना टोपली जड, येताना हलकी. मला तेवढंच कळलं त्या वयात." पुढे ती पुण्यातल्या एका सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून लागली आणि सदतीस वर्षं तिथंच राहिली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "रोज पंधरा पोरं अंघोळीला असतात माझ्याकडे. सोळावं कशाला?" तान्ह्या बाळाला अंघोळ घालताना ती डावा तळवा त्याच्या कपाळावर आडवा धरायची, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आम्हा भावंडांनाही तिनं तशीच अंघोळ घातली. शाळेत जायला लागलो तरी तो तळवा कपाळावर यायचाच.

तिच्या काही सवयी आम्हाला गमतीच्या वाटायच्या. कुठंही जाताना पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. नळाखाली हात धरून ती कधी पाणी प्यायली नाही. लग्नात कुणी हातावर पेढा ठेवायला आलं तर म्हणायची, "ताटलीत ठेवा." दुकानदारानं सुटे पैसे पुढे केले की काउंटरकडे बोट. एकदा बसच्या कंडक्टरनं वैतागून विचारलं होतं, "आजी, माझ्या हाताला काय काटे आहेत का?" आत्या म्हणाली, "तुमच्या नाही." बस हसली. मीही हसले. इस्पितळात राहून तिला स्वच्छतेचं वेड लागलंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्र्याण्णव साली विहारातल्या लोकांनी तिला विचारलं की थायलंडचे एक भन्ते पाली शिकायला पुण्यात आलेत, त्यांना खोली मिळेल का. आत्यानं वरची खोली दिली. ते भन्ते वर्षभर जितकं हसले तितकं आमच्या गल्लीत कुणी जन्मात हसलं नसेल. एप्रिल आला तशी त्यांनी गच्चीवर एक वीतभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती ठेवली, वाटीत मोगऱ्याचं पाणी घेतलं आणि आत्याला खुणेनं सांगितलं, घाला. आत्यानं मूर्तीला अंघोळ घातली. अर्थात डावा तळवा मूर्तीच्या कपाळावर आडवा धरून. भन्ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आम्ही पोरांनी रंगपंचमीच्या उरलेल्या पिचकाऱ्या आणल्या आणि दुपारपर्यंत गल्लीत कोरडं माणूस उरलं नाही.

ते वर्ष आठवलं की मला अजून ओल्या फरशीचा आणि मोगऱ्याचा मिसळलेला वास येतो. तेव्हा आमच्यामागं उसाची पट्टी होती. भन्ते गेले, पण जाताना खोलीचा पत्ता देऊन गेले असावेत, कारण मग थाई विद्यार्थी येतच राहिले. कुणी पाली शिकायला, पुढे कुणी इंग्रजी शिकायला, मग कॉम्प्युटर. बघता बघता उसाच्या पट्टीच्या जागी काचेच्या इमारती आल्या, कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या कोपऱ्यावर थांबू लागल्या, माझा मोठा भाऊ प्रज्ञेश त्यातल्याच एका बसनं नोकरीला जाऊ लागला. एप्रिलमधली आमच्या गच्चीवरची पितळी मूर्ती मात्र तशीच राहिली.

नोई आली दोन हजार सातमध्ये. खरं नाव सुमाली, नोई म्हणजे लहानी. कॅम्पातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. मराठी ती आत्याकडून शिकली, त्यामुळे भाजीवाल्याला सरळ तोंडानं म्हणायची, "द्यायची असेल तर द्या, नाहीतर मेथी तुमची, पाय आमचे." भाजीवाला एवढा गार झाला की त्यानं कोथिंबीर फुकट दिली. फेब्रुवारीत कोरेगाव पार्कात बॉम्ब फुटला तेव्हा शहर बिथरलं, घरोघर भाडेकरूंची चौकशी सुरू झाली. आमच्याकडे एक हवालदार फॉर्म घेऊन आले. परदेशी मुलगी घरात कशी ठेवली, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. आत्यानं त्यांना चहा दिला, सगळे कागद पुढे ठेवले आणि म्हणाली, "ती परदेशी आहे खरी, पण स्वतःची कपबशी स्वतः विसळते. तुमचं झालं की मोरी त्या बाजूला." प्रज्ञेशचंही म्हणणं होतं की आता परकी माणसं नकोत. त्यानं मांजरीला फ्लॅट घेतला होता, चोवीस तास पाणी वगैरे, आणि आत्यानं हे घर सोडून तिकडे यावं असं तो महिन्यातून एकदा म्हणायचा. आत्या तो फ्लॅट बघायलासुद्धा गेली नव्हती. कधी गुडघा दुखायचा, कधी विहारात काम निघायचं.

तर नोईचे वडील. ते बँकॉकमध्ये टॅक्सी चालवायचे. गाव लांब ईशान्येला, भातशेतीचं. त्या वर्षी मार्चपासून तिकडे लाल शर्ट घातलेल्या लोकांनी रस्त्यांवर ठिय्या दिला होता, सरकारनं निवडणुका घ्याव्यात म्हणून. वडील टॅक्सी उभी करून त्यांच्यात जाऊन बसले. शुक्रवारी त्यांचा फोन आला. मी खोलीतच होते. मागे गाणी, भोंगे, लोकांचा गलबला. ते खुशीत होते, एवढं भाषा न कळताही कळत होतं. नोईचा आवाज चढत गेला. मग तिनं फोन ठेवला आणि मला इंग्रजी-मराठीत सांगितलं की मी त्यांना म्हटलं, सणाला गावी जा, आई एकटी आहे. ते म्हणाले, मी इथं तुझ्यासाठीच बसलोय. मी म्हटलं, मला नको आहे, मला तुमची लाज वाटते.

शनिवारी संध्याकाळी तिकडे गोळीबार झाला. वीसेक माणसं गेली. वडिलांचा फोन बंद.

पुढचं सांगून टाकते, कारण ते लपवून मला काही साधायचं नाही. गुरुवारी, पंधरा तारखेला, वडिलांचा फोन आला. पळापळीत मोबाईल पायाखाली गेला होता, ते एका विहारात थांबले होते, खांदा निखळला होता, बाकी ठीक. आज ते गावी आहेत आणि नोईच्या मुलीला सायकलवरून शाळेत सोडतात. पण मंगळवारी सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मंगळवारी नोईला एवढंच ठाऊक होतं की आपण बापाशी शेवटचं काय बोललो.

सोंगक्रानला वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालतात आणि वर्षभरात बोलण्या-वागण्यात जे चुकलं असेल त्याची माफी मागतात. गेली दोन वर्षं नोई आत्याला त्यासाठी विचारत होती. पहिल्या वर्षी आत्या दूध उतू जातंय म्हणून जी खाली गेली ती संध्याकाळी वर आली. दुसऱ्या वर्षी तिला अचानक दाढदुखी झाली. या वर्षी मे महिन्यात नोई कायमची परत जाणार होती. सोमवारी रात्री ती मला म्हणाली, "बाबा नाहीत. आई फोनवर फक्त रडते. इथं माझी मोठी एकच, आत्या. मला कुणाला तरी सॉरी म्हणायचंय, चैताली. कुणाला म्हणू?"

म्हणून मी सगळं मांडलं. नोईनं मला एवढंच सांगितलं होतं की मोठी माणसं बसतात, लहान माणसं पाणी घालतात. उरलेलं मी मनानं भरलं. मान द्यायचा म्हणजे पाट, पाटाभोवती रांगोळी, पितळेचा तांब्या. मी नाटक शिकलेली. कुणाला कुठं बसवायचं, कुणाला कुठं उभं करायचं, हे मला कळतं असा माझा समज होता.

"एवढी दोन वर्षं ती विचारतेय," मी पाट उचलत म्हणाले. "तिच्या बापाचा पत्ता नाही. आणि तुला काय, हात ओले होतील म्हणून?"

"हात माझे ओलेच असतात. सदतीस वर्षं ओले होते."

"मग?"

आत्या काही बोलणार तोच नोई जिन्यातून वर आली. केस ओले, अंगात फुलाफुलांचा शर्ट, जो ती दर सोंगक्रानला घालायची. एका हातात काचेची छोटी वाटी, दुसऱ्यात फोन. तिनं पाट बघितला, रांगोळी बघितली, सांडलेलं पाणी बघितलं. आत्याचा चेहरा बघितला. मग तिनं वाटी टाकीच्या कठड्यावर ठेवली आणि खाली बसून मोगऱ्याची फुलं एकेक करून गोळा करायला लागली.

"राहू द्या, आत्या," ती म्हणाली. "रागावू नका. मी मूर्तीला घालते पाणी."

कुणी भांडलं असतं तर आत्या भांडली असती. पण ही फुलं वेचत बसली. आत्या टाकीला टेकून उभी राहिली. मग ती बोलायला लागली ती आमच्याकडे न बघता, आणि तिच्या बोलण्यात मांजरी आली. तिचं शहरातलं मराठी असं फार क्वचित सुटायचं.

तिनं सांगितलं ते असं. ती नऊ-दहा वर्षांची. आईबरोबर उसात खुरपायला जायची. उन्हाळ्यात पाटाचं पाणी बंद असायचं आणि गावच्या विहिरीवर आपल्या लोकांनी जायचं नाही. मग दुपारी मळेवाल्याच्या घरी जायचं. ओटा चांगला कमरेइतका उंच. खाली उकिडवं बसायचं आणि ओंजळ वर धरायची. मालकीण ओट्यावरून तांब्यानं पाणी सोडायची, हातभर उंचीवरून, म्हणजे तांब्या हाताला लागायला नको. निम्मं पाणी कोपरावरून खाली. बाई वाईट नव्हती, आत्या म्हणाली. कधी गुळाचा खडा पण टाकायची. टाकायची.

"एक दिवस माझं पिऊन झालं. मग आईनं वंजळ धरली. बाई पानी घालाया लागली आन् मागनं कुनीतरी हाक मारली तिला. ती गेली आत. विसरली. आन् आई तशीच. हात वर धरून. मी म्हनलं, आई, चल. आई म्हनली, येतील, थांब." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "लई वेळ थांबलो आमी. तिचे हात वाळून गेलते उन्हानं. तरी खाली घेतले न्हाईत तिनं."

खाली गल्लीत कुणीतरी मांडवाचा खांब ठोकत होतं. मी हातातला पाट भिंतीला टेकवून ठेवला. तो कुठं ठेवावा हे मला कळेना.

"तवाच ठरवलं," आत्या म्हणाली. मग शहरातल्या मराठीत आली. "कुणापुढे ओंजळ धरायची नाही. पाणी असो, पेढा असो, काही असो. आणि तू मला खाली बसवून वरून तांब्या धरलास, चैतू."

मी टाकीच्या बुडाशी पडलेला तांब्या उचलून पाटामागे ठेवला.

नोईला यातलं किती समजलं ठाऊक नाही. मांजरीची मराठी तिला कुणी शिकवली नव्हती. पण हात वर धरलेली बाई तिला समजली असावी, कारण ती उठली, माझ्याकडे वळली आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडून बोलली.

"हे तू मांडलं? असं नाही. एकदम उलटं आहे."

ती धडधड खाली गेली. वर आली तेव्हा डोक्यावर आमची प्लास्टिकची खुर्ची होती आणि काखेत मोठी परात. खुर्ची तिनं गच्चीच्या मधोमध ठेवली. पाणी परत भरलं, मोगरा टाकला, स्वतःच्या बाटलीतलं थोडं सुगंधी पाणी त्यात घातलं. मग ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. अगदी खाली, ओल्या फरशीवर. परात पुढ्यात घेतली.

"मोठी माणसं वर," ती आत्याला म्हणाली. "लहान खाली. आम्ही खाली बसून पाणी घालतो, आत्या. वर उभं राहून घालणं म्हणजे... फार वाईट. आई मारेल मला."

आत्या खुर्चीकडे बघत राहिली. मग परातीकडे. मग नोईच्या भिजलेल्या गुडघ्यांकडे.

"फरशी खरखरीत आहे. गुडघे सोलतील," ती म्हणाली.

"सोलू दे."

"आणि ओंजळ?"

"ओंजळ नाही. पाणी ठेवायचं नाही हातात. नुसते हात परातीवर. असे. पाणी जाऊ द्यायचं."

आत्या खुर्चीवर बसली. वॉर्डातल्या स्टुलावर बसायची तशी, ताठ. हात तिनं मांडीवरून उचलले, मध्येच थांबवले, आणि शेवटी परातीवर धरले. तळवे वर, पण बोटं सुटी सुटी, मुद्दाम. त्या बोटांत एक थेंबही टिकला नसता. नोईनं काचेची वाटी भरली आणि हळूहळू पाणी सोडलं. वाटी आत्याच्या मनगटाला टेकली होती. लागू नये अशी नव्हे, लागावी म्हणूनच टेकवली होती. पाणी घालता घालता ती तिच्या भाषेत बोलायला लागली. आधी पाठ केल्यासारखं, मग मध्येच 'पो' हा शब्द यायला लागला. पो म्हणजे बाबा, हा मला ठाऊक असलेल्या तिच्या मोजक्या शब्दांपैकी एक. मग ती रडायला लागली आणि वाटीतलं पाणी संपलं तरी वाटी तशीच धरून राहिली.

मोठ्या माणसानं यावर आशीर्वाद द्यायचा असतो. आत्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं परातीतलं पाणी उजव्या हातानं घेतलं, डावा तळवा नोईच्या कपाळावर आडवा धरला आणि पाणी तिच्या टाळूवर सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांत जाऊ न देता.

"बाप असतो तो," ती म्हणाली. "पोरीचं बोलणं घेऊन बसत नाही. ऊठ आता, सर्दी होईल."

नोई उठली आणि मूर्ती घ्यायला खाली गेली. गल्लीतल्या पोरांना सुगावा लागला होता, खालून पिचकाऱ्यांचा आवाज यायला लागला होता. आत्यानं साडीला हात पुसले, केसांवरून फिरवले, पिशवी उचलली. विहारात पताका लावायला तिची वाट बघत होते. पिशवीत पेला आहे ना, हे तिनं नेहमीसारखं बाहेरून चाचपून पाहिलं.

मला काहीतरी बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मला प्रज्ञेशच्या फ्लॅटची जाहिरात आठवत होती, तिच्यातलं 'उसाच्या मळ्यांच्या कुशीत' हे वाक्य, आणि दाढदुखी, गुडघेदुखी, विहारातली कामं.

"आत्या," मी म्हणाले, "प्रज्ञेशचा फ्लॅट कुणाच्या मळ्यावर बांधलाय?"

ती जिन्याच्या दारात क्षणभर थांबली. पताकांच्या गाठोड्यांतलं एक तिनं वाकून काखेत घेतलं, दुसरं डोक्यावर चढवलं, आणि भिंतीला धरून, एकेक पायरी मोजून उतरावी तशी, खाली निघून गेली.